पीएचडीच्या आधीचं एक वर्ष

टीवायचा निकाल लागला की घरात एकच प्रश्न, 'आता पुढे काय?' तुम्ही म्हणता, मेंदूवर संशोधन करायचंय, न्यूरोसायन्समध्ये पीएचडी. 'मग भर की फॉर्म,' बाबा म्हणतात. तुम्ही फॉर्म उघडता आणि अडकता. संशोधनाचा अनुभव? आपल्याकडे काय, तर सही-शिक्का मारलेलं प्रॅक्टिकलचं जर्नल!

अमेरिकेत यावर एक वाट आहे, पोस्टबॅक. पदवी झाल्यावर आणि पीएचडीच्या आधी एक-दोन वर्षं पूर्णवेळ प्रयोगशाळेत काम करायचं, तेही विद्यावेतन घेऊन. बेथेस्डा इथल्या 'एनआयएच' या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा असा कार्यक्रम प्रसिद्ध आहे.

तिथे करायचं काय? समजा तुम्ही उंदराच्या मेंदूचे काप अभ्यासताय. एक काप साधारण ३०० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ. ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या द्रावणात तो काही तासच जिवंत राहतो. तेवढ्या वेळात काचेच्या नळीचं मायक्रॉनभर टोक एका पेशीला अलगद टेकवायचं, किंचित हवा ओढायची. नळी नीट चिकटली तर पेशीतला विद्युतप्रवाह पडद्यावर दिसतो. नाही चिकटली तर नवी नळी, नवी पेशी. या 'पॅच क्लॅम्प' तंत्रासाठी एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं. नवशिक्याला मात्र कित्येक आठवडे काहीच मिळत नाही.

खरं सांगायचं तर हे वर्ष त्यासाठीच असतं. दिवसभर हात चालवून संध्याकाळी वहीत 'आज काही नाही' असं लिहायचं आणि तरीही उद्या परत यावंसं वाटतंय का, हे बघायचं. नाही वाटलं तर एका वर्षात कळलं. तेच पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं तर फार महागात पडतं. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच न्यूरोसायन्स विभागांनी जीआरईची अट काढून टाकलीय. त्यामुळे तुम्हाला रोज काम करताना पाहिलेल्या मार्गदर्शकाच्या शिफारसपत्राचं वजन वाढलंय. 'विद्यार्थी हुशार व शिस्तप्रिय आहे' छापाचं पत्र तिथे चालत नाही.

आता मेख. एनआयएचचा हा कार्यक्रम अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. न्यू जर्सीत जन्मलेली तुमची चुलतबहीण अर्ज करू शकते, तुम्ही नाही.

पण आपल्याकडे 'प्रोजेक्ट असिस्टंट' नावाची जागा असते. पुण्याचं आयसर, कुलाब्याचं टीआयएफआर, बेंगळुरूचं एनसीबीएस, मानेसरचं एनबीआरसी यांच्या वेबसाइटवर जाहिराती बघत राहा. अजून शिकत असाल तर तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची समर फेलोशिप आहेच. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. नियमाने दार उघडलंय, पण हाताला सवय नसेल तर आत गेल्यावर दमछाक ठरलेली.

पगार बेताचा असतो. काही ठिकाणी वर्षभर बाटल्या धुणं आणि बिलं भरणं एवढंच वाट्याला येतं. म्हणून हो म्हणण्याआधी तिथल्याच एखाद्या पीएचडीवाल्याला कँटीनमध्ये गाठा आणि विचारा, आधीचा असिस्टंट इथे नेमकं काय शिकला आणि आता कुठे आहे?