फोडणी, फॉडमॅप आणि मी

ठाण्याहून सुटलेली फास्ट लोकल, नशिबाने मिळालेली चौथी सीट आणि पोटात अचानक कळ! लोकलमध्ये टॉयलेट नसतं, हे अशा वेळीच नीट कळतं. दादरला मुलाखत घ्यायला निघालेली मी घाटकोपरलाच उतरले. महिन्यात तिसऱ्यांदा असं झालं, तेव्हा मुकाट्याने डॉक्टर गाठले.

रिपोर्ट्स नॉर्मल. निदान : आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात आतडी दिसायला ठणठणीत, पण नको इतकी हळवी असतात. मेंदू आणि आतड्याच्या संवादात गडबड होते. त्यामुळे 'सगळे मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना सरळ टाटा करा!

डाएटिशियनने लो-फॉडमॅप डाएट दिलं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेलं. काही कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यात आंबतात आणि गॅस होतो. आपल्या डब्यातले आरोपी? कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध. शुगर-फ्री च्युइंगमसुद्धा!

म्हणजे फोडणीच गेली की! पण इथे एक मस्त युक्ती आहे. लसणीतला त्रासदायक भाग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. पाकळ्या तेलात परता आणि काढून टाका, स्वाद राहतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. पोळीऐवजी भात.

तीन आठवड्यांत पोट शांत. मी खूश! आणि इथेच चुकले. परत त्रास नको म्हणून सहा महिने तेच खात राहिले. वजन पाच किलोंनी उतरलं. मैत्रिणींच्या पार्ट्यांना 'काम आहे' सांगायला लागले. आई ताट वाढताना दरवेळी विचारायची, "हे तरी चालेल ना गं?"

डाएटिशियन वैतागल्याच. "अगं, हा उपास नाही, तपास आहे!" बंदी दोन ते सहा आठवड्यांचीच. मग एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणायचा, तीन दिवस वाढवत न्यायचा, वहीत लिहायचं. माझा निकाल : कपभर दूध ओके, दोन पोळ्या ओके, अर्धी वाटी राजमाही ओके. कांदा मात्र फेल.

हे वाचून लगेच गहू बंद करू नका हं. आधी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करा. गहू सोडल्यावर ती फसवी येऊ शकते. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, अ‍ॅनिमिया किंवा रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, तर डाएट नंतर, डॉक्टर आधी.

परवा जेवताना आईने न विचारताच ताटात पोळी वाढली. मीही काही न बोलता खाल्ली. दुसरी मागून घेतली.