नाताळातील रात्रपाळी

गेल्या नाताळच्या सकाळी उपासना आटोपून मंडळी प्रार्थनामंदिराच्या आवारात एकमेकांस शुभेच्छा देत असता, आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या मातोश्री आम्हांस भेटल्या. त्यांची कन्या महाराष्ट्रात वैद्यकीची पदवी घेऊन सांप्रत उत्तर इंग्लंडातील एका इस्पितळात डॉक्टर म्हणून काम करीत आहे. "मुलगी खुशाल आहे ना?" एवढेच आम्ही विचारले, तो त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "मास्तर, आपल्याकडे सकाळचे दहा वाजले, तिकडे पहाटेचे साडेचार. ह्या घटकेसही ती कामावरच उभी आहे. ख्रिस्तजन्माच्या रात्रीदेखील पोरीला सुटी नाही, ही कसली हो चाकरी? दुसरे कोणी डॉक्टर तिथे नाहीत का?"

त्या वेळी आम्हांस ह्या प्रश्नाचे नीटसे उत्तर देता आले नाही. पुढे त्या मुलीशीच पत्रव्यवहार करून व थोडेबहुत वाचन करून जे समजले, ते आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या आईवडिलांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे देत आहोत. शाळेतील कितीतरी मुले 'मी डॉक्टर होणार' असे म्हणतात. त्या शब्दांत सणावाराच्या रात्रीही येतात, हे त्यांनी आधीच जाणून असावे.

प्रथम, सण आहे म्हणून इस्पितळाचे काम कमी होते काय, ते पाहू. इंग्लंडात २५ व २६ डिसेंबर हे दोन्ही सार्वजनिक सुटीचे दिवस. २५ तारखेस तेथील आगगाड्या जवळजवळ पूर्णपणे बंद असतात आणि घरगुती डॉक्टरांचे दवाखानेही उघडत नाहीत. ज्या शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतात त्या नाताळपूर्वीच थांबवितात व ज्या रोग्यांस घरी पाठविणे शक्य आहे त्यांस घरी पाठवितात. ह्यावरून इस्पितळ ओस पडत असेल असे कोणासही वाटेल. परंतु मागे उरतात ते घरी जाऊच न शकणारे, म्हणजे अधिक आजारी लोक. शिवाय ऐन हिवाळा असल्यामुळे फुप्फुसदाह, दमा व इन्फ्लुएन्झा ह्यांचे रोगी येत राहतात. बर्फावर पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध माणसे येतात. एकट्या राहणाऱ्या आजीबाईंचे दुखणे, सणाला मुले भेटीस आल्यावरच कित्येकदा प्रथम लक्षात येते. गावातील इतर दारे बंद असल्याने ही सारी मंडळी उघड्या असलेल्या एकाच दाराशी येतात.

हृदयविकाराविषयी तर एक विलक्षण गोष्ट आढळून आली आहे. स्वीडन देशातील संशोधकांनी १९९८ ते २०१३ ह्या काळातील २,८३,०१४ हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली व तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. त्या देशात नाताळचा मुख्य सोहळा २४ डिसेंबरच्या सायंकाळी होतो. त्या दिवशी अशा झटक्यांचे प्रमाण इतर दिवसांच्या मानाने ३७ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि रात्री दहाच्या सुमारास ते सर्वांत जास्त होते. पंच्याहत्तरीच्या पुढील वृद्ध, मधुमेही आणि पूर्वीच हृदयरोग जडलेले लोक ह्यांस हा धोका विशेष. त्याची कारणे निश्चितपणे सिद्ध झालेली नाहीत. तथापि जड जेवण, मनाची खळबळ, दिवंगत आप्तांची आठवण आणि प्रवासाची दगदग ह्यांकडे विद्वान बोट दाखवितात. तात्पर्य, घरोघरी दिवे लागतात त्याच वेळी इस्पितळास जागे राहणे अवश्य असते.

आता 'दुसरे कोणी डॉक्टर नाहीत का' ह्या प्रश्नाकडे वळू. हे गणित आमच्या सातवीच्या मुलांसही सोडविता येईल. आठवड्याचे तास १६८. एका जागेवर अहोरात्र एक डॉक्टर हवा असेल आणि प्रत्येकाने सरासरी ४८ तास काम करावयाचे असेल, तर १६८ भागिले ४८, म्हणजे साडेतीन डॉक्टर एका जागेसाठीच लागतात. त्यात रजा, आजारपण व शिक्षणाचे दिवस मिळविले की हा आकडा चार-पाचांवर जातो. एवढ्या मोजक्या माणसांत नाताळ व नववर्ष हे दोन्ही सण वाटून घ्यावयाचे असतात. ज्याला नाताळ मोकळा मिळतो त्याने ३१ डिसेंबरची रात्र जागवावी, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी करितात. इंग्लंडातील तरुण डॉक्टरांच्या २०१६ सालच्या करारान्वये एक पाळी १३ तासांहून लांब असू नये, सात दिवसांत ७२ तासांहून अधिक काम नसावे, रात्रपाळ्या लागोपाठ चारांपेक्षा अधिक नसाव्या, आणि अशा रात्रींनंतर निदान ४६ तासांची विश्रांती मिळावी, असे ठरलेले आहे.

डिसेंबरात तेथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आतच मावळतो. आमची विद्यार्थिनी लिहिते की, रात्रपाळीच्या त्या आठवड्यात तिने ऊन असे पाहिलेच नाही. रात्री नऊ वाजता दिवसाचे डॉक्टर जमतात व रात्रीच्या डॉक्टरांच्या हवाली रोगी करितात. हा हवाला देण्याची एक ठराविक रीत आहे. अमेरिकी आरमाराच्या पाणबुड्यांत ती प्रथम रूढ झाली व तेथून इस्पितळांत आली. तिची अंगे चार: सध्याची स्थिती काय, पूर्ववृत्त काय, सांगणाऱ्याचे अनुमान काय, आणि ऐकणाऱ्याने काय करावे. शाळेत आम्ही मुलांस 'मुद्द्याचे बोला' असे नित्य सांगतो. येथे मुद्द्याचे बोलण्यावर एखाद्याचा प्राण अवलंबून असतो.

मग रात्र सुरू होते. दिवसा जे काम अनेक डॉक्टरांमध्ये विभागलेले असते, ते रात्री दोघां-तिघांवर येते. पुष्कळ इस्पितळांत डॉक्टरांच्या कमरेस अद्याप एक लहानसे वाजणारे यंत्र असते. ते वाजले की जवळच्या टेलिफोनवरून उत्तर द्यावयाचे आणि तिकडे धावावयाचे. एकाच वेळी तीन ठिकाणांहून बोलावणे आल्यास आधी कोठे जावे? ह्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या संस्थेने २०१२ साली गुण देण्याची एक पद्धत बसविली व २०१७ साली ती सुधारली. परिचारिका रोग्याचा श्वास, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि अंगाची उष्णता मोजतात व प्रत्येकास गुण देतात. मिनिटास १२ ते २० श्वास असल्यास शून्य, २५ किंवा अधिक असल्यास तीन. नळीने प्राणवायू द्यावा लागत असेल तर आणखी दोन. येथे शाळेच्या उलट न्याय आहे: शून्य गुण सर्वांत चांगले. बेरीज सात किंवा अधिक झाली की सर्व कामे बाजूस ठेवून त्या खाटेकडे जावे. आणि कोणाचे हृदयच बंद पडले, तर तेथील इस्पितळांत टेलिफोनवर २२२२ हा आकडा फिरविताच ठरलेले पथक धावत येते. हाच आकडा सर्वत्र असावा अशी शिफारस २००४ साली करण्यात आली. कारण तरुण डॉक्टर काही महिन्यांनी इस्पितळ बदलतात, आणि घाईच्या वेळी नवा आकडा आठवत बसणे परवडत नाही.

येथवर नियमांची कथा झाली. परंतु मनुष्याचे शरीर नियमाने बांधलेले नसते. आमच्या विद्यार्थिनीने आपल्या पहिल्या नाताळातील एक गोष्ट आम्हांस न लपविता कळविली आहे, व इतरांस बोध व्हावा म्हणून ती छापण्याची परवानगीही दिली आहे. पाळीचा अकरावा तास होता. एका मधुमेही वृद्धासाठी तिने इन्शुलिनचे ४ युनिट लिहिले. परंतु 'युनिट' हा शब्द पुरा लिहावा हा नियम ठाऊक असूनही थकव्याने केवळ त्याचे इंग्रजी आद्याक्षर लिहिले. ते अक्षर शून्यासारखे दिसते. त्यामुळे ४ चे ४० झाले! एक वयस्क परिचारिका कागद घेऊन आली व शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, हे एकदा पुन्हा पाहता का?" त्या एका वाक्याने त्या वृद्धाचा जीव वाचला. मुलगी लिहिते, "मी दुरुस्ती केली, त्यांचे आभार मानले आणि भांडाराच्या खोलीत जाऊन दोन मिनिटे रडले. नंतर तोंड धुऊन पुढच्या रोग्याकडे गेले."

ह्यात केवळ तिची बेपर्वाई होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसून आले की, सलग सतरा तास जागलेल्या मनुष्याची बुद्धी व हात, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंद होतात. बोस्टन शहरात नवशिक्या डॉक्टरांच्या दीर्घ पाळ्या कमी करून पाहिल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जुन्या पद्धतीच्या पाळ्यांत गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या. त्यापूर्वी १९८४ साली न्यूयॉर्क शहरात १८ वर्षांची एक मुलगी इस्पितळात दाखल झाल्यावर काही तासांतच मरण पावली. तिच्यावर देखरेख करणारे तरुण डॉक्टर अति कामाने शिणलेले होते, असा तिच्या वडिलांनी आक्षेप घेतला व ते प्रकरण लावून धरिले. त्याचा परिणाम म्हणून १९८९ साली त्या राज्यात अशा डॉक्टरांस आठवड्यास ८० तासांची मर्यादा लागू झाली. आपल्या देशातही १९९२ सालच्या केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत दिवसास १२ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा सांगितली आहे. परंतु कागदावरील तास आणि प्रत्यक्षातील तास ह्यांत किती अंतर असते, हे ज्यांच्या घरी निवासी डॉक्टर आहे त्यांस सांगावयास नको. जागरण हा सद्गुण मानून मुलांस झिजविणे, हे रोग्याच्याही हिताचे नाही.

तथापि त्या रात्रींत केवळ कष्टच असतात असे नाही. इंग्लंडातील इस्पितळांत जुनी चाल अशी होती की, नाताळच्या आदल्या सायंकाळी परिचारिका आपले झगे उलटे करून त्यांचे तांबडे अस्तर बाहेर आणीत आणि हातांत कंदील घेऊन गीते गात खाटांमधून फिरत. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ शस्त्रवैद्य सहकुटुंब येऊन टर्की पक्षी स्वहस्ते कापून रोग्यांस वाढीत. ते झगे आता नित्याच्या वापरात राहिले नाहीत, परंतु गीते पुष्कळ ठिकाणी अद्याप ऐकू येतात. आमच्या विद्यार्थिनीस मात्र त्याहून मोठी भेट मिळाली. तिची पाळी सकाळी साडेनऊस सुटावयाची होती. तिच्याबरोबर काम करणारे एक मुसलमान डॉक्टर न बोलावता आठ वाजताच आले व म्हणाले, "रोगी माझ्या हवाली करा आणि प्रार्थनेस जा. ईदेच्या दिवशी तुम्ही माझी वाट पाहू नका, म्हणजे फिटंफाट!" गाड्या बंद असल्याने ती पाऊण तास पायी चालून गेली आणि उपासनेत शेवटच्या बाकावर बसली. तिला झोप अनावर झाली. पण कोणी उठविले नाही.

हे सारे पत्र आम्ही तिच्या मातोश्रींस वाचून दाखविले. इन्शुलिनचा मजकूर गाळावा की काय, असा विचार मनात आला होता. परंतु मुलीनेच लिहिले होते की, आईला सर्व सांगा. त्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतले. मग एवढेच विचारले, "रात्री तिने काही खाल्ले होते का?" पत्रात ह्याचेही उत्तर होते: त्याच परिचारिकेने तिच्यासाठी ताट झाकून ठेविले होते. ह्या वर्षी त्या बाईंनी नोव्हेंबरातच शंकरपाळ्यांचे दोन डबे विलायतेस पाठविले आहेत. एकावर मुलीचे नाव आहे, दुसऱ्यावर त्या परिचारिकेचे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी जे हा मार्ग धरतील त्यांनी दोन सवयी आतापासूनच लावून घ्याव्या: लिहिलेले पुन्हा वाचणे, आणि कोणी चूक दाखविली असता रागावण्याऐवजी आभार मानणे. आईबापांस आमची विनंती इतकीच की, सणाच्या रात्री आपल्या आप्तास घेऊन इस्पितळात जाण्याचा प्रसंग आला, तर समोरच्या तरुण डॉक्टराच्या उशीराबद्दल त्यास बोल लावण्यापूर्वी, तो किती तासांपासून उभा आहे ह्याचा क्षणभर विचार करावा. त्याचीही आई कोठेतरी वाट पाहत असेल.