डबा उघडा, पण खण ओळखा!

आमच्या चौथीच्या वर्गात संचयिका आहे. मुले खाऊचे पैसे साठवतात, लागतील तसे काढतात. परवा मी तो हिशेब संगणकावर केला. यादीतले पहिलेच नाव वाचले, तर ती मुलगी रडवेली होऊन उठली. "बाई, मी पन्नास भरले, वीसच काढले. मग उणे तीस कसे? माझे सहलीचे पैसे गेले का हो?"

संगणक चुकला? छे! चूक माझीच होती. कशी, ते सांगते.

हॅस्केल नावाची एक संगणक-भाषा आहे. तिची पहिली आवृत्ती १९९० साली आली. हॅस्केल करी या अमेरिकी गणितज्ञाचे नाव तिला दिले आहे. तिच्यात जोडीने राहणाऱ्या गोष्टी कंसात ठेवतात : (५०, २०). याला म्हणतात टपल. टपल म्हणजे जणू दोन खणांचा जेवणाचा डबा. एका खणात पोळी, दुसऱ्यात भाजी.

आता डबा उघडणारा कोणी हवा ना? पंगतीत "अरे, जरा पाणी वाढ" म्हटले की कोणीतरी वाढतोच. नाव कोण विचारतो! असाच बिननावाचा मदतनीस म्हणजे 'लॅम्डा'. आपण तो मराठीत लिहू :

\(जमा, काढले) -> जमा - काढले

सुरुवातीची तिरपी रेघ ही ग्रीक अक्षर लॅम्डाची आठवण. बाणाच्या डावीकडे डबा उघडतो. पहिल्या खणातला आकडा 'जमा', दुसऱ्यातला 'काढले'. उजवीकडे वजाबाकी. 'मॅप' म्हटले की हा मदतनीस यादीतला एकेक डबा उघडत जातो. (५०, २०) चे ३०, (८०, ४५) चे ३५.

कंस आणि स्वल्पविराम विसरलो तर? मदतनीस दोन सुट्या आकड्यांची वाट पाहतो आणि हाती येतो बंद डबा! बंद डब्यातून वजाबाकी कशी करणार? हॅस्केल तिथेच अडवते, काम सुरूच होऊ देत नाही.

मी मात्र कंस विसरले नव्हते. मी लिहिले होते (काढले, जमा). दोन्ही खणांत आकडेच, मग संगणक कशाला हटकेल? त्याला नावांचा अर्थ कळत नाही, फक्त जागा कळते. त्याने २० मधून ५० वजा केले.

नावे जागेवर ठेवली आणि तिचे तीस रुपये परत दिसले. स्वारी खूश!

आता तुम्ही सांगा. \(अ, ब) -> ब - अ या मदतनिसाला (७, १२) हा डबा दिला, तर उत्तर काय?

(उत्तर : ५)