मातीच्या ढिगाचं नाव, दगडाच्या डोंगराला!

जीभ जरा मोकळी कर बरं. आता म्हण, कोश्चुश्को! काय, वळली ना बोबडी?

हे एका डोंगराचं नाव आहे! ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचा हा सगळ्यात उंच डोंगर. उंची २२२८ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ ६०० मीटर जास्त! भोवती मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचंही नाव हेच.

डोंगर आहे ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइट अगदी नाक लावून पाहिलायस कधी? पांढरे, करडे, काळे दाणेच दाणे! कुठून आले ते? जमिनीखाली खोलवर वितळलेला खडक होता. वर खडकांचं जाडजूड पांघरूण. मग निवायला किती वेळ? लाखो वर्षं! खडीसाखर आठव. पाक शांत ठेवला तरच मोठे खडे जमतात. घोटत बसलं की होते बारीक पिठीसाखर! सह्याद्रीचा काळा दगड जमिनीवर येऊन भराभर निवला, म्हणून त्याचे दाणे सहसा दिसतच नाहीत.

आणि नाव? ओळख पाहू! राजाचं? चूक!

१८४० साली पोलंडचा एक प्रवासी तिथं पोचला. पावेल स्ट्शेलेत्स्की. (हो, याचंही नाव तसलंच!) शिखराचा आकार बघून त्याला आठवली आपल्या देशातल्या क्राकूव शहराजवळची एक टेकडी. आणि गंमत ऐक, ती खरी टेकडी नव्हतीच! तो होता माणसांनी रचलेला मातीचा ढीग!

तादेउश कोश्चुश्को हा पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला सेनापती. १८१७ मध्ये तो वारला, तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी माती आणून ओतली. १८२० ते १८२३, तीन वर्षं! तो जिथं लढला, त्या रणांगणांवरचीसुद्धा माती आणली. ढीग झाला दहा मजली इमारतीएवढा!

म्हणजे अंगणातला दिवाळीचा किल्ला आठवून हिमालयातल्या शिखराचं बारसं करावं, तसंच की हे!

त्या डोंगरांत तिथल्या मूळ रहिवाशांची हजारो वर्षं ये-जा होती. नाव ठेवताना त्यांना कुणी विचारलं नाही, हे मला जरा खटकतंच.

पुढं काय झालं माहितेय? इंग्रजीत लिहिताना नावातला 'झेड' गळाला! तुझ्या वहीतली चूक बाई दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेतात. डोंगर मात्र शंभराहून जास्त वर्षं चुकीचं स्पेलिंग मिरवत उभा! 'झेड' अधिकृतपणे परत आला थेट १९९७ मध्ये.

उच्चार? ऑस्ट्रेलियातली माणसं अजूनही खुशाल म्हणतात, 'कॉझिऑस्को'!