बोकडाची खरूज आणि ईदचा हिशेब

मुक्ताईनगर असो, बोदवड असो की रावेर, आपल्या अनेक घरांत कुर्बानीचा बोकड ईदच्या दोन-तीन महिने आधीच येतो. अंगणातल्या खुंट्याला तो बांधला जातो, मुले त्याला नाव ठेवतात, शाळेतून आल्या आल्या बाभळीच्या शेंगा आणि मक्याचे दाणे चारतात. मग एखाद्या दिवशी दादीच्या लक्षात येते की बोकड सारखा कान भिंतीला घासतो आहे. आठवडाभरात कानाच्या कडेला, डोळ्यांभोवती आणि ओठांवर पांढरट खपल्या दिसतात, केस गळतात, चारा कमी होतो. ही खरूज.

अशा वेळी घाईघाईने इंजेक्शन देऊन मोकळे होण्याकडे आपला कल असतो. पण ज्या जनावराचे मांस थोड्याच दिवसांत आपल्या आणि गोरगरिबांच्या ताटात जाणार आहे, त्याला कोणते औषध कधी दिले, याचा हिशेब ठेवावाच लागतो.

खरूज होते कशी?

खरूज हा रक्तातला दोष नव्हे. डोळ्यांना सहज न दिसणारे, आठ पायांचे सूक्ष्म किडे कातडीत बोगदे करून राहतात आणि तिथेच अंडी घालतात. गोचीड आणि उवा डोळ्यांना दिसतात, हे किडे दिसत नाहीत. म्हणून डॉक्टर खपलीची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खपलीसारखा दिसणारा प्रत्येक डाग खरजेचा नसतो. नायट्याला औषध वेगळे लागते आणि ओठांवर खपल्या आणणारा मावा हा तर विषाणूचा आजार आहे.

खरूज पसरते ती अंगाला अंग लागून. बाजारात एकाच दावणीला बांधलेल्या जनावरांतून, एकाच गाडीतून आणलेल्या बकऱ्यांतून ती घरी येते. आजारी जनावराने अंग घासलेला खांब, दावे आणि खाली अंथरलेले पोते यांतूनही ती जाऊ शकते.

औषध आणि त्याची मुदत

खरजेवर डॉक्टर बहुधा आयव्हरमेक्टिन देतात. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरू झालेल्या या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषध गुणकारी आहे, पण मात्रा वजनावर ठरते. १ टक्क्याचे इंजेक्शन साधारणपणे ५० किलो वजनाला १ मिली असते. म्हणजे २५ किलोच्या बोकडाला फक्त अर्धा मिली. अंदाजाने भरलेली सिरिंज म्हणूनच धोक्याची. हे औषध अंड्यांवर चालत नाही. अंड्यांतून निघालेले नवे किडे मारण्यासाठी १० ते १४ दिवसांनी दुसरी मात्रा लागते. पहिल्या मात्रेने खाज थांबली म्हणून दुसरी टाळली, की खरूज परत येते.

हे औषध शरीरातून हळूहळू बाहेर पडते. तोपर्यंत त्या जनावराचे मांस खाऊ नये, अशी मुदत ठरलेली असते. गाईबैलांसाठीच्या अनेक इंजेक्शनांवर ती ३५ दिवसांची आहे. बकऱ्यासाठी त्याहून कमी धरू नये. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचावे आणि डॉक्टरांना ‘हा कुर्बानीचा आहे’ असे आधीच सांगावे. दुभत्या शेळीचेही तसेच, तिच्या दुधाची मुदत विचारल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये.

आपल्या महिन्यांत हिशेब मांडला तर तो सोपा आहे. पहिली मात्रा शव्वालच्या १५ तारखेपर्यंत आणि दुसरी शव्वाल संपण्याआधी. त्यानंतर जिल्हजच्या दहा तारखेपर्यंत जवळजवळ चाळीस दिवस मिळतात. खरूज जिल्कादमध्ये लक्षात आली, तर डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय करावा. वरून लावायच्या औषधांनाही मुदत असते, हे विसरू नये. प्रसंगी तो बोकड पुढच्या वर्षासाठी राखावा. खरजेच्या जनावराची कुर्बानी होते की नाही, हा मसला मात्र आपल्या आलिमांनाच विचारावा.

हे करू नका

गाडीचे जळके ऑइल किंवा रॉकेल चोळू नये. त्याने कातडी भाजते आणि जनावर ते चाटते. कपाशीवर फवारायचे औषध तर चुकूनही लावू नये. खानदेशात ते घराघरांत असते, म्हणून हा मोह होतो. कातडीतून ते विष अंगात भिनते, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते आणि जनावर दगावू शकते.

घरात काय करावे?

नवे जनावर आणले की दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळे बांधावे. त्याचे दावे, पाण्याचे भांडे वेगळे असावे. एकाला खरूज झाली तर सोबतच्या सगळ्या शेळ्या-बकऱ्यांना डॉक्टरांना दाखवावे. जुने पोते जाळून टाकावे, खुंटा-खांब गरम पाण्याने धुवावेत, जागा कोरडी ठेवावी.

बोकडाला मिठी मारणाऱ्या मुलांच्या हातांवर आणि पोटावर खाजरे पुरळ येऊ शकतात. हे किडे माणसाच्या अंगावर फार दिवस टिकत नाहीत. जनावर बरे झाले की खाज थांबते. पण बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज वाढत असेल आणि घरातल्या इतरांनाही होत असेल, तर ती माणसांची खरूज असू शकते. मग सगळ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यावेत. जनावराचे औषध माणसाला कधीही लावू नये, देऊ नये.

मुलांनी ससा किंवा गिनी पिग पाळला असेल तर त्यालाही खरूज होते. गिनी पिगच्या नावात ‘पिग’ असले तरी तो डुक्कर नाही, उंदराच्या गटातला प्राणी आहे. त्याचे वजन जेमतेम एक किलो, म्हणून बकऱ्याच्या बाटलीतले औषध त्याला घरी देऊ नये.

खुंट्याला बांधलेले जनावर स्वतः औषधाला जाऊ शकत नाही. ईदच्या दिवसापर्यंत ते आपल्याकडे अमानत आहे. आज संध्याकाळी चारा टाकताना त्याचे कान उलटून पाहा.