तबकडीवरील नांव

मनगटावरील घड्याळाकडे आपण दिवसांतून अनेक वेळां पाहतों. परंतु त्याच्या तबकडीवर छापलेल्या नांवाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. पुस्तकावर लेखकाचें नांव असलें म्हणजे तें त्यानें लिहिलें असें आपण समजतों. त्याच न्यायानें, घड्याळावर ज्याचें नांव आहे त्यानें तें चाकापासून काट्यापर्यंत स्वतः घडविलें असावें, असा आपला समज होणें स्वाभाविक आहे. वस्तुतः तसें बहुधा नसतें. गेल्या पंधरा-वीस वर्षांत युरोप-अमेरिकेंत, आशियांत आणि आपल्या देशांतहि, चार-दोन माणसांनीं मिळून चालविलेले घड्याळांचे लहान धंदे पुष्कळ निघाले आहेत. त्यांच्यापाशीं मोठा कारखाना नाहीं, शेंकडों कामगार नाहींत. मग हीं माणसें घड्याळ तयार करतात म्हणजे काय करतात, आणि त्यांच्या नांवावर ग्राहकानें किती विश्वास टाकावा, याचा विचार आज आपण करूं.

प्रथम यंत्राकडे वळूं. किल्लीच्या घड्याळांत एका गोल डबींत पोलादी पट्टीची कमान गुंडाळून बसविलेली असते. किल्ली दिली कीं ती आवळते, आणि उलगडतां उलगडतां दांत्यांच्या चाकांना फिरविते. तिला मोकळें सोडलें, तर सगळी शक्ति क्षणार्धांत संपून जाईल. म्हणून चाकांच्या रांगेच्या शेवटीं एक द्वारपाल बसविलेला असतो. घड्याळजी त्याला एस्केपमेंट म्हणतात. हा द्वारपाल एका वेळीं एकच दांता पुढें सोडतो, आणि तो केव्हां सोडावयाचा हें ठरवितें बॅलन्स, म्हणजे केंसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर मागेंपुढें झुलणारें चाक. सध्यां प्रचारांत असलेल्या पुष्कळ यंत्रांत हे हेलकावे तासाला २८,८०० असतात. म्हणजे सेकंदाला ८ आणि दिवसाला ६,९१,२००. स्वित्झर्लंडांत क्रोनोमीटर म्हणून प्रमाणपत्र मिळविण्यासाठीं पंधरा दिवस, पांच निरनिराळ्या स्थितींत व तीन तापमानांत अशा यंत्राची परीक्षा घेतात; तें सरासरीनें दिवसाला ४ सेकंदांहून अधिक मागें किंवा ६ सेकंदांहून अधिक पुढें जातां कामा नये. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत ६ सेकंदांची चूक म्हणजे १४,४०० भागांत एका भागाची. एवढा बिनचूकपणा साधावयाचा, तर चाकांचे दांते, आंसांचीं टोंकें आणि माणकांचीं भोंकें मिलिमीटरच्या सहस्रांशांच्या हिशेबानें घडवावीं लागतात. त्यासाठीं लागणारी सामुग्री उभारण्याचा खर्च लहान धंद्याला पेलत नाहीं. तेव्हां घड्याळाचें हृदय तो विकतच आणतो.

विकतच्या हृदयावर आपलें नांव घालणें ही फसवणूक नव्हे काय? इतिहास पाहिला तर तसें म्हणतां येत नाहीं. स्वित्झर्लंडच्या ज्यूरा पर्वतांत अठराव्या शतकापासून शेतकरी कुटुंबें हिंवाळ्यांत, बर्फानें शेतीचीं कामें बंद पडलीं म्हणजे, घरीं बसून घड्याळाचे सुटे भाग करीत. कोणी चाकें कापी, कोणी काटे घडवी, कोणी केस म्हणजे बाहेरची डबी तयार करी. आणि एखादा व्यापारी तें सर्व गोळा करून, जुळवून घेऊन, आपल्या नांवानें विकी. पुढें १९०५ मध्यें हान्स विल्सडॉर्फ या चोवीस वर्षांच्या जर्मन तरुणानें लंडनमध्यें डेव्हिस नांवाच्या भागीदाराबरोबर जो धंदा काढला, तोहि असाच होता. त्याचीं यंत्रें स्वित्झर्लंडांतील बिएन येथील एग्लर यांच्या कारखान्यांतून येत. १९०८ मध्यें त्यानें आपल्या घड्याळांसाठीं नोंदविलेलें नांव म्हणजे रोलेक्स. मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा एक दागिना, अशी समजूत रूढ असतांना विल्सडॉर्फनें तें परीक्षेला पाठविलें. १९१० मध्यें बिएन येथें आणि १९१४ मध्यें इंग्लंडांतील क्यू वेधशाळेंत त्याला बिनचूकपणाचें प्रमाणपत्र मिळालें. यंत्र तयार करणारा तो बिएनचा कारखाना रोलेक्सच्या मालकीचा झाला तो थेट २००४ मध्यें. म्हणजे जवळजवळ एक शतकभर तबकडीवर एकाचें नांव होतें आणि यंत्र दुसऱ्याच्या घरचें होतें. तबकडीवरील नांव हें जामिनाचें नांव आहे, असें समजणेंच अधिक योग्य. जामीन स्वतः कर्ज काढीत नाहीं. परंतु शेवटीं उत्तर त्यालाच द्यावें लागतें.

याच्या अगदीं उलट टोंकाचें उदाहरणहि आहे. जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११) हा इंग्रज कारागीर आयल ऑफ मॅन या बेटावर राहून यंत्र, केस, तबकडी आणि काटे हें सर्व स्वतःच्या हातांनीं करीत असे. नेहमींच्या एस्केपमेंटमध्यें दांता माणकावर घसरत जातो. त्या घर्षणासाठीं तेल लागतें, आणि तेल जुनें झालें कीं घड्याळ बिघडतें. डॅनियल्सनें १९७० नंतरच्या दशकांत घर्षण पुष्कळ कमी करणारी को-ॲक्सियल नांवाची नवी रचना शोधून काढली. ती स्वीकारावयास मोठ्या कारखान्यांनीं इतका वेळ घेतला, कीं ओमेगा कंपनीचें त्या रचनेचें पहिलें घड्याळ बाजारांत आलें तें १९९९ मध्यें. या मार्गानें जाणारे कारागीर आजहि आहेत. परंतु त्यांचीं घड्याळें वर्षाकाठीं अगदीं मोजकीं निघतात, आणि त्यांची किंमत सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांतील नसते. तेव्हां आपल्या मनगटावर येण्याचा संभव असलेलें लहान धंद्याचें घड्याळ हें पहिल्याच प्रकारचें, विकतच्या यंत्राभोंवतीं रचलेलें, असणार.

यंत्र विकत आणलें म्हणजे रचनेचें काम सोपें झालें असें मात्र नव्हे. यंत्रच घराच्या पायासारखें सर्व मापें ठरवून टाकतें. स्वित्झर्लंडच्या एटा कारखान्याचें २८२४ हें प्रसिद्ध यंत्र ४.६ मिलिमीटर जाड आहे; जपानच्या मियोटाचें ९०१५ हें ३.९ मिलिमीटर. सात दशांश मिलिमीटरचा हा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु यंत्रावर तबकडी, तबकडीवर एकावर एक तीन काटे, त्यांवर थोडी मोकळी जागा, मग काच, आणि खालीं पाठीचें झांकण, अशी बेरीज करीत गेलें म्हणजे सदऱ्याच्या बाहीखालीं सहज सरकणारें घड्याळ आणि बाहींत अडकणारें घड्याळ यांतील अंतर तेवढेंच असतें. तबकडी यंत्रावर बसविण्याचे पाय, काट्यांच्या भोंकांचा व्यास, किल्लीच्या दांड्याची उंची, हीं सर्व यंत्रानेंच नेमून दिलेलीं असतात. तारखेच्या खिडकीची जागाहि तशीच. तारखेचें चक्र यंत्राएवढेंच असल्यामुळें, लहान यंत्र मोठ्या डबींत घातलें तर ही खिडकी तबकडीच्या कडेपासून दूर, मध्याकडे सरकलेली दिसते. आपल्या घड्याळाकडे या दृष्टीनें पाहिलें, तर रचनाकारानें यंत्र व डबी यांचा मेळ घातला कीं नाहीं, हें कोणालाहि ओळखतां येईल.

या मर्यादांच्या आंत जें उरतें, तेंच रचनाकाराचें खरें क्षेत्र. मिनिटाचा काटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोंचतो काय. अंधुक उजेडांत काटे तबकडीच्या रंगांत बुडून तर जात नाहींत. डबीचे कान मनगटाच्या वळणाला धरून खालीं वळले आहेत कीं तरंगत राहिले आहेत. असे शेंकडों लहान निर्णय त्याला घ्यावे लागतात. काच कृत्रिम नीलमण्याची घेतली तर तिच्यावर सहसा चरे पडत नाहींत, परंतु जोराच्या आघातानें ती फुटूं शकते. प्लॅस्टिकची घेतली तर चरे लौकर पडतात, परंतु ते घासून काढतां येतात. कागदावरील आकृति पुरी झाली कीं नमुना मागवावयाचा, त्यांतील दोष काढून पुन्हां नमुना मागवावयाचा. यांत वर्ष-दीड वर्ष सहज जातें.

मग प्रश्न येतो पैशाचा. डबी, तबकडी, काटे व पट्टा हे बहुधा निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात, आणि प्रत्येक कारखाना अमुक एका संख्येखालीं मागणी घेत नाहीं. समजा, ३०० घड्याळें करावयाचीं आणि प्रत्येकाचा सर्व खर्च १०,००० रुपये. तर एकहि घड्याळ विकलें जाण्यापूर्वीं ३० लाख रुपये अडकून पडतात. म्हणून कित्येक लहान धंदे ग्राहकांकडून आगाऊ पैसे घेऊन त्यांतूनच माल तयार करवितात. ही रीत चांगली कीं वाईट, हें धंदेवाल्याच्या सचोटीवर अवलंबून आहे. परंतु अशा वेळीं आपण दुकानांतील गिऱ्हाईक नसून बिनव्याजी सावकार आहों, हें पैसे देणारानें विसरूं नये.

दुसरा धोका अधिक खोल आहे. १९६९ च्या डिसेंबरांत जपानच्या सेइको कंपनीनें क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें, आणि पुढील पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यांतील कामगारांची संख्या सुमारें ९०,००० वरून सुमारें ३०,००० वर आली. या पडझडींत कंपन्यांचीं एकत्रीकरणें झालीं, आणि यांत्रिक घड्याळांच्या यंत्रांचा पुरवठा बव्हंशीं एटा या एकाच कारखान्याच्या हातीं गेला. २००२ मध्यें त्याच्या मालक कंपनीनें बाहेरच्यांना होणारा पुरवठा आंखडता घेण्याचा इरादा जाहीर केला, तेव्हां अनेक प्रतिष्ठित नांवांच्या तोंडचें पाणी पळालें. प्रकरण स्पर्धा-आयोगापर्यंत गेलें. सेलिटा नांवाच्या दुसऱ्या स्विस कारखान्यानें त्याच मापाचें यंत्र तयार केलें, आणि संकट टळलें. दुसऱ्याच्या विहिरीवर आपली बाग फुलविणाऱ्यानें विहीर कोणाची हें नेहमीं लक्षांत ठेवावें, हाच याचा अर्थ.

आपल्या देशापुरतें पाहावयाचें, तर बंगलोर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ मध्यें सुरू झालेल्या एच. एम. टी. च्या कारखान्यानें लक्षावधि घरांत किल्लीचें घड्याळ पोंचविलें. तो घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्यें झाला. अलीकडे जयपूर व बंगलोर येथें लहान स्वतंत्र धंदे निघाले आहेत. कोणी तबकडींत जुनें नाणें बसवितो, कोणी विमानदलापासून वा अंतराळ-संशोधनापासून स्फूर्ति घेतो. अशा धंद्यांना यांत्रिक घड्याळाचें यंत्र बहुधा परदेशांतूनच आणावें लागतें. त्यांत कमीपणा नाहीं. तें लपविण्यांत मात्र आहे.

तेव्हां असें घड्याळ घेणारानें तीन गोष्टी विचाराव्या. यंत्र कोणाचें व कोणत्या क्रमांकाचें? जुळणी व तपासणी कोठें होते? आणि दहा वर्षांनीं काच, काटा किंवा किल्ली लागली तर ती कोण देणार? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. धंदा उद्यां बंद पडला, तरी सर्वत्र आढळणारें यंत्र कोणताहि कुशल घड्याळजी साफ करील, त्याचे भाग मिळवील, किंवा तसेंच दुसरें यंत्र बसवील. म्हणजे ज्या विकतच्या यंत्राबद्दल आपण नाक मुरडतों, तेंच अडचणींत ग्राहकाच्या उपयोगीं पडतें. पण त्या घड्याळाची खास तबकडी, खास काटे व डबीचे खास भाग दुसरीकडे कोठेंहि मिळत नाहींत. ते जपून ठेवणें व मागतांच देणें, हें नांव लावणाऱ्याचें काम. या प्रश्नांचीं उत्तरें जो आडपडदा न ठेवतां देतो, त्याचें नांव आपल्या मनगटावर वागवावयास हरकत नाहीं, मग त्याचा कारखाना एका खोलीचा कां असेना.