सुरू होऊन लगेच बंद पडणारा जुना पिकअप : दोष शोधण्याचा क्रम

शेतमाल पहाटेच्या लिलावाला पोहोचवायचा असतो. जुना डिझेल पिकअप सुरू होतो, काही सेकंद चालतो आणि बंद पडतो. पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते आणि भाजीपाला गाडीतच कोमेजतो. अशा वेळी अनेकदा थेट इंजेक्शन पंप खोलला जातो. हे काम खर्चिक असते. दोष मात्र बहुधा पंपाच्या अलीकडेच असतो.

लक्षणाचा अर्थ

इंजिन एकदा सुरू झाले, म्हणजे बॅटरी, सेल्फ आणि सिलिंडरमधील दाब कामापुरता ठीक आहे. पंप व फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर ते काही क्षण चालते आणि मागून पुरवठा न आल्यास थांबते. म्हणून यांत्रिक इंजेक्शन पंप असलेल्या गाडीत तपासणी सोप्या व बिनखर्चाच्या बाबींपासून सुरू करावी.

तपासणीचा क्रम

१. चावी : चावी सोडताक्षणी इंजिन बंद पडत असल्यास दोष विजेचा असू शकतो. पंपावरील स्टॉप सोलेनॉइडला चावी ‘ऑन’ स्थितीत असताना वीज मिळते का, हे टेस्ट लॅम्पने पाहावे. झिजलेला स्विच किंवा सैल वायर हे नेहमीचे कारण आहे.

२. टाकीचे झाकण : झाकण सैल करून इंजिन चालवावे. ते चालू राहिल्यास टाकीत हवा जाण्याचा मार्ग बंद आहे. धूळ, चिखल किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर यांमुळे ही नळी बुजते आणि टाकीत निर्वात निर्माण होऊन डिझेल पुढे सरकत नाही.

३. फिल्टर व पाणी : फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या भांड्यात घ्यावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. इंजेक्शन पंपाच्या अनेक भागांना वंगण डिझेलचेच मिळते. त्यामुळे पाणी केवळ इंजिन थांबवत नाही, तर पंपही झिजवते. फिल्टर बदलण्याची मुदत उलटली असल्यास तो बदलावा.

४. लाईनमधील हवा : तडकलेला रबरी पाईप किंवा सैल क्लिप यातून डिझेल गळतेच असे नाही, तेथून हवा मात्र आत ओढली जाते. पंपापूर्वी पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे दिसतात. गळतीची जागा दुरुस्त करून हातपंपाने, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी.

५. हवेचा मार्ग : एअर फिल्टरमध्ये भुसा, धूळ किंवा उंदरांचे घरटे आहे का, हे पाहावे. बंद पडण्यापूर्वी काळा धूर येत असल्यास ही शक्यता बळावते. थंडीत पांढरा धूर सोडत इंजिन अडखळत असल्यास हीटर प्लग तपासावेत.

निर्णायक चाचणी

एवढ्यानेही दोष न सापडल्यास स्वच्छ डिझेलचा छोटा डबा पंपापेक्षा उंचावर, तापलेल्या भागांपासून दूर, घट्ट बांधावा आणि त्यातून नवीन नळीने थेट पंपाला डिझेल द्यावे. हवा काढल्यानंतर इंजिन नीट चालले, तर दोष टाकी, पाईप किंवा फिल्टरमध्ये आहे. तरीही बंद पडले, तरच पंप कुशल कारागिराकडे न्यावा.

दक्षता

- गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावेत.
- बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो.
- तोंडाने डिझेल ओढू नये. ते फुफ्फुसात गेल्यास गंभीर इजा होते.
- हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये.
- कॉमन रेल इंजिनाचे उच्च दाबाचे पाईप सैल करू नयेत. त्यातील फवारा त्वचेतून आत शिरू शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

इंजिन किती सेकंदांनी थांबते, थंड की गरम असताना, आणि धुराचा रंग कोणता, या तीन नोंदी शेतकऱ्याने कारागिराला सांगितल्यास अनावश्यक खोलाखोल टळते. पावसाळ्यात फिल्टरमधील पाणी नियमित काढणे आणि पिंपातील डिझेल गाळूनच टाकीत भरणे, एवढी सवयही मोठा खर्च वाचवते. काढणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावपातळीवरील प्रशिक्षणात या चाचण्या प्रत्यक्ष गाडीवर करून दाखवाव्यात.